रानडुकराचा मालक

कास्तेलवेरो, ३ फेब्रुवारी

ओरेस्ते,

फोनवर तू मला बंद करून टाकलं आहेस. पण टपाल बंद करायची सोय बेल्जियमच्या सरकारने अजून काढलेली नाही. तेव्हा हे पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच.

रानडुकराला मालक आहे!

आज सकाळी कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी राहून मी हे मोठ्याने म्हणाले. शिपाई म्हणाला, "बाई, आत चला, थंडी डोक्यात शिरलीय." मी त्याला तिथेच उभा करून सगळा निवाडा वाचून दाखवला. बिचाऱ्याची कॉफी गार झाली, पण कायदा त्याच्या डोक्यात शिरला, आणि तुझ्याही शिरेल.

आजवर काय चालायचं? कुणाच्या गाडीवर हरण आलं, कुणाची द्राक्षं डुकरांनी उपटली, की माणूस प्रांत सरकारच्या दारात जायचा. सरकार म्हणायचं, आमची चूक दाखवा. कुंपण कुठे हवं होतं, पाटी कुठे हवी होती, आम्ही कुठे झोपलो होतो, दाखवा. मोडलेल्या हाताने माणूस सरकारची चूक शोधत रानोमाळ फिरायचा. ती कधी सापडायची नाही, कारण सरकारची चूक सरकारच्याच कपाटात असते. गेल्या काही वर्षांत रोमच्या सर्वोच्च न्यायालयाने ही वाट सोडली, आणि या नव्या निवाड्याने तर प्रांताचं अपील सरळ फेटाळून लावलं. वन्य प्राणी राष्ट्राच्या मालकीचे आहेत आणि त्यांची निगराणी प्रांताकडे आहे. कुत्रा चावला तर कुत्र्याच्या मालकाला जी भरपाई द्यावी लागते, तीच डुकरासाठी प्रांताने द्यायची. चूक दाखवायची गरज नाही! राजेशाहीच्या काळात रानातलं जनावर कुणाचंच नव्हतं, ज्याने मारलं त्याचं. मग प्रजासत्ताकाने कायदा करून सांगितलं, हे सगळं माझं. उत्तम. तुझं आहे ना? मग ये पुढे आणि जबाबदारी घे. मी इतकी वर्षं हेच ओरडत होते आणि लोक म्हणायचे, इल्दे याकोबुच्चीला भाषणाची खाज आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे हे माफीचं पत्र आहे असा तुझा गैरसमज व्हायला नको. तुझ्या शिकारी टोळीच्या गोळीने अळंबी वेचणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा खांदा फुटला तेव्हा मी त्याचं वकीलपत्र घेतलं. तू टोळीचा नायक होतास, तुझा बंदुकीचा परवाना गेला. भर चौकात तू म्हणालास, मला बहीण नाही. मी आजही ते वकीलपत्र घेईन.

आता मुद्दा. हा निवाडा दुसऱ्याच कुणाच्या खटल्यातला आहे, पण मी चालवतेय त्या लिविया पाल्योनेच्या दाव्यात तो कामी येणार आहे. तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात पिएत्रास्कूराच्या वळणावर पहाटे तिच्या दुधाच्या गाडीपुढे रानडुक्कर आलं आणि गाडी भिंतीवर गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तू लिएजला निघून गेलास, त्यामुळे ती आता कशी चालते ते तू पाहिलेलं नाहीस. डावा पाय वाकत नाही. कळप घेऊन जूनमध्ये डोंगरावर चढायचं तिला जमत नाही, आणि आजवरचे उन्हाळे तिने उसन्या माणसांवर काढले. आता उसनी माणसंही संपली. निकाल तिच्या बाजूने लागला तर ती पगारी मेंढपाळ ठेवील. नाही लागला तर तिच्या आजोबांपासून चालत आलेला कळप व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढेल.

निवाड्यात एकच अट जाचक आहे. गाडी चालवणाऱ्यानेही दाखवायचं असतं, की टाळण्यासाठी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं मी केलं. हे दाखवायला डोळ्यांनी पाहिलेला माणूस लागतो. त्या पहाटे कुणीतरी नाव न सांगता फोन करून रुग्णवाहिका बोलावली होती. तो कोण, कुणालाच माहीत नाही. मला तर मुळीच नाही. मी तुला काही विचारत नाहीये.

इल्दे


कास्तेलवेरो, २७ फेब्रुवारी

ओरेस्ते,

प्रांताचं उत्तर आलं. त्यांचा वकील तिबेरी. तू त्याला पाहिलेलं नाहीस. बोटांना अत्तर लावून कागद चाळणारा माणूस. त्याने लिहिलंय: डुक्कर कुठलं? दुपारी वनपोलीस पोचले तेव्हा पावसाने रस्ता धुऊन निघाला होता. ना धड, ना रक्त, ना केस. बाईंची गाडी ओल्या रस्त्यावर घसरली असेल. आणि शेवटची ओळ ऐक, ही त्याने चवीने लिहिली असणार: "वादीच्या म्हणण्याप्रमाणे डुक्कर आमच्या मालकीचं असेल, तर आमचं डुक्कर आम्हाला दाखवावं."

मी गाडी काढली आणि तडक पिएत्रास्कूराला गेले. क्विन्तोचा बार भरलेला होता. मी दारातूनच विचारलं, "त्या वर्षी अपघातानंतर लगेच आलेल्या सान मार्तिनोच्या सणाच्या जेवणाला मांस कुणी आणलं होतं?"

पत्ते खाली पडले. क्विन्तो पेला पुसत होता तो पुसतच राहिला.

"चांगलं होतं ना?" तो म्हणाला.

"चांगलं होतं की नाही हे विचारलं नाही. कुणी आणलं?"

"मी फक्त वाइन दिली."

फादर कालिस्तो कोपऱ्यात होते. धर्मगुरू म्हणून खरं बोलण्याची सर्वांत जास्त जबाबदारी त्यांची, म्हणून मी त्यांच्याकडे वळले. ते म्हणाले, "मुली, माझ्यापुढे जेवण येतं तेव्हा मी आशीर्वाद देतो. सातबारा मागत नाही."

आता मला सांग, तिबेरीला आणि न्यायाधीशांना आपली फळी मी कशी समजावून सांगू? देवळाच्या दालनात ती लांबलचक लाकडी फळी मांडतात, तिच्यावर मक्याच्या पिठाचा शिजवलेला पोलेंता ओततात, वर सॉस, आणि मधोमध मांसाची रास. ताट नाही, वाटी नाही. प्रत्येकाने आपल्या कडेपासून मक्याची वाट खात खात मांसापर्यंत पोचायचं. भांडलेले शेजारीसुद्धा त्या दिवशी एकाच लाकडावर खातात, आणि कुणी उठून गेला तर वर्षभर त्याच्या घरी लग्नाचं बोलावणं जात नाही. म्हणजे हे गाव एखादं डुक्कर खातं तेव्हा सगळं गाव खातं. पुरावा आपण खाल्ला, ओरेस्ते! नव्या वाइनबरोबर, गाणी म्हणत. लिविया तिकडे इस्पितळात शुद्धीवर येत होती, आणि तिचा एकमेव पुरावा आम्ही इकडे चाटून पुसून संपवत होतो. मीही. मी तर सुताराच्या हद्दीत घुसून त्याच्या वाटचा तुकडा पळवला होता.

मी हे बोलून दाखवल्यावर सुतार म्हणाला, "तो तुकडा माझा होता हे तू आज कबूल केलंस. सगळे साक्षीदार आहेत."

क्विन्तो मात्र हसला नाही. बारमध्ये कायदा तोच पहिला समजला. "इल्दे, थांब जरा. तू जिंकलीस तर डुक्कर सरकारचं ठरणार. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे आम्ही सरकारचं डुक्कर खाल्लं. म्हणजे तू लिवियाला पैसे मिळवून देणार आणि आम्हाला चोर ठरवणार. तुला शिकवून या गावाने चूकच केली."

तो अगदी बरोबर बोलला. रोमने दिलेली ही तलवार दोन्हीकडून कापते. प्रांत मालक असेल तर प्रांत जबाबदार, आणि प्रांत मालक असेल तर ते मांस चोरीचं. घरी येताना मला गाडीत हसू आवरेना. इतका देखणा पेच मी आयुष्यात पाहिला नाही.

मांस कुणी आणलं ते कुणी सांगितलं नाही. पण त्या सॉसमध्ये जुनिपरची फळं होती आणि आटवलेला द्राक्षरस होता. ही जोडी आईने एकाच मुलाला शिकवली. मला तिने अंडंसुद्धा उकडायला शिकवलं नाही. म्हणायची, हिला बोलू दे, हा रांधेल.

तेव्हा आता विचारते. त्या पहाटे तू त्या वळणावर होतास का?

इल्दे


कास्तेलवेरो, २० मार्च

ओरेस्ते,

तुझं कार्ड आलं. पुढच्या बाजूला लिएजचा पूल, मागे तुझं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर: "पत्रं पाठवणं बंद कर. डुक्कर छान शिजलं होतं."

कबुलीजबाब दिल्याबद्दल आभार! वकिली करताना माणसाला किती घाम गाळावा लागतो एका कबुलीसाठी, आणि तू ती टपाल तिकीट लावून पाठवलीस. घाबरू नकोस, हे कार्ड मी कोर्टात देणार नाही. बहिणीला आलेलं कार्ड आहे. तू तिला बहीण मानत नसलास तरी पत्ता तिचाच होता.

ते घेऊन मी लिवियाकडे गेले. ती चीजच्या खोलीत होती. काठी भिंतीला टेकलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत फाटवलेल्या दुधात. मी म्हटलं, "तुझ्या मागच्या गाडीत ओरेस्ते होता."

तिने हात बाहेर काढले नाहीत. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासून. माझं डोकं त्याच्या मांडीवर होतं. म्हणत होता, डोळे मिटलेस तर तुझ्या मेंढ्या शहरातल्या लोकांना विकीन, ते त्यांना हिरवळीवर शोभेला ठेवतील. मी त्याला शिव्या देत राहिले म्हणून जागी राहिले."

"आणि तीन वर्षं मला सांगितलं नाहीस? मी तुझी वकील आहे!"

"तू त्याची बहीण आहेस. म्हणूनच नाही सांगितलं." मग ती माझ्याकडे वळली. "इल्दे, त्याच्या गाडीत बंदूक होती. परवाना नव्हता. त्याला पळता आलं असतं. तो थांबला, फोन केला, दिवे दिसेपर्यंत माझा पाय बांधून धरून बसला. त्याचं नाव घेऊन मी त्याला फौजदारीत अडकवू? कळप गेला तर गेला."

मला तिथे काय वाटलं ते लिहीत नाही, कारण तू म्हणशील मी भाषण करते. एवढंच सांगते. मी साक्षीदारांच्या यादीत तुझं नाव घातलं आहे, आणि लिविया आठवडाभर माझा फोन उचलत नाहीये. याकोबुच्ची घराण्यातल्या माणसांना टाळायची ही पद्धत आता सगळीकडे पसरलेली दिसते.

तुझ्यापुढे काय वाढून ठेवलंय तेही लपवत नाही. तू आलास आणि खरं बोललास, तर तिबेरी ते कागद सरकारी वकिलाकडे पाठवील. विनापरवाना शिकारीला निघाल्याबद्दल आणि सरकारचं डुक्कर उचलल्याबद्दल खटला होईल. दंड होईल, कदाचित त्याहून जास्त. तू आला नाहीस तर तुला काहीही होणार नाही. समन्स तिकडे पाठवून तुला ओढत आणायचा खटाटोप मी करणार नाही. तू मनाने आलास तरच त्या साक्षीला किंमत आहे.

पण ओरेस्ते, विचार कर. कायदा म्हणजे माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द असतो: तुझ्यावर काही कोसळलं तर तू एकटा नाहीस, ज्याचं ते होतं तो त्याचा भार उचलेल. रोममध्ये बसलेल्या न्यायाधीशांनी तो शब्द दिला. तो पिएत्रास्कूराच्या वळणापर्यंत आणायला एक माणूस लागतो, ज्याने रस्ता पाहिला. असा माणूस एकच आहे, आणि तो लिएजमध्ये कुणाच्या तरी हॉटेलात शिंपले उकडतोय.

सुनावणी ९ मेला आहे.

इल्दे


पिएत्रास्कूरा, १८ एप्रिल

ओरेस्ते,

हे क्विन्तोच्या बारमधून लिहितेय, घाईत.

आज व्यापारी आला होता. लिवियाच्या गोठ्यात शिरून मेंढ्यांची तोंडं उघडून दात बघत होता. ती काठीवर रेलून उभी होती. मला म्हणाली, "दावा काढून घे." मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "दावा माझा आहे." मी म्हटलं, "पाय तुझा आहे, दावा आता सगळ्यांचा आहे. उद्या या डोंगरात ज्याच्या अंगावर जनावर येईल त्याचा आहे." तिने मला शिवी दिली. तुझ्यासाठी राखून ठेवलेल्यांपैकीच असावी, फार जोरकस होती. पण व्यापाऱ्याला तिने जूनपर्यंत थांबायला सांगितलं.

संध्याकाळी क्विन्तोने बारचं शटर अर्धं ओढलं आणि सगळ्यांना बसवलं. म्हणाला, "आपण खाल्लं. बरोबर? मग आपणच सांगायचं. सगळ्यांना चोर ठरवायचं म्हणजे त्यांना तुरुंगाला नवा मजला बांधावा लागेल, आणि आपल्या सरकारला मजला बांधायला किती वर्षं लागतात ते आपल्या अर्धवट राहिलेल्या शाळेकडे बघा." त्यावर हात वर झाले. सगळ्यांचे. फादर कालिस्तोंनी हात वर केला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला भाषण करायचं होतं, तर सुतार म्हणाला, "बस खाली, आमचं ठरलंय, आता बिघडवू नकोस."

गाव डुक्कर सिद्ध करील, ओरेस्ते. पण रस्ता गावाने पाहिलेला नाही.

इल्दे


कास्तेलवेरो, १० मे

ओरेस्ते,

तू काल कोर्टात काय केलंस ते तुला माहीत आहे का? तू रोमच्या बसमध्ये बसून निघून गेलास, म्हणून मला लिहावं लागतंय. हे एका दमात लिहितेय. शब्द वाकडे झाले तर चालवून घे.

सकाळपासून सांगते, कारण तू उशिरा आलास. न्यायाधीशबाई तरुण आहेत, अजून चिडायची सवय लागलेली नाही. त्यांनी यादी पाहिली आणि म्हणाल्या, "वकीलबाई, तुम्ही एका डुकरासाठी अख्खं गाव आणलंय." मी म्हटलं, "अख्ख्या गावाने खाल्लंय." त्यांनी थोडेच ऐकले. क्विन्तोने शपथेवर सांगितलं की मांस रानडुकराचंच होतं, आणि मग सॉसमध्ये टोमॅटो होता की नव्हता यावर त्याचं सुताराशी तिथेच जुंपलं. फादर कालिस्तो म्हणाले, "मी आशीर्वाद दिलेलं जनावर अस्तित्वात नव्हतं असं प्रांताचं म्हणणं असेल, तर हा प्रश्न मला बिशपकडे न्यावा लागेल." न्यायाधीशबाईंनी तोंडासमोर कागद धरला.

मग तिबेरी उठला, अगदी शांतपणे. "मान्य. गावाने एक रानडुक्कर खाल्लं. पण ते याच गाडीवर आलं होतं कशावरून? आणि बाई किती वेगात होत्या, हे कुणी पाहिलं?"

लिवियाने माझा हात धरला. तिचा हात गार होता आणि त्याला दुधाचा वास येत होता. मला वाटलं, संपलं.

आणि शिपायाने दार उघडून तुझं नाव घेतलं.

तुझे केस किती पांढरे झालेत! बेल्जियममध्ये ऊन नाही म्हणतात, तेच खरं असावं. तू प्रतिज्ञा वाचलीस. न्यायाधीशबाईंनी नाव, धंदा विचारला, मग पक्षकारांशी काही नातं आहे का विचारलं. तू म्हणालास, "नाही." "वकिलांशी?" तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "त्या बाईंची आणि माझी आई एकच होती."

त्यांनी तुला सावध केलं की जे बोलल्याने तुझ्यावरच खटला होऊ शकतो ते बोलायची तुला सक्ती नाही. तू म्हणालास, "त्यासाठीच दोन गाड्या बदलून आलोय."

आता माझी दशा ऐक. दिवाणी कोर्टात वकील साक्षीदाराशी बोलत नाही. जे विचारायचं ते न्यायाधीशांना सांगायचं आणि न्यायाधीश विचारणार. हा नियम मी आयुष्यभर पाळला, पण काल पहिल्यांदा तो मला जाचला. तू माझ्यापासून हाताच्या अंतरावर होतास, आणि मी म्हणत होते, "साक्षीदाराला विचारावं, गाडीचा वेग किती होता."

"वेग किती होता?" न्यायाधीशबाई.

"गाढवाची चाल. मी मागून शिव्या देत होतो. दुधाचे कॅन सांडू नयेत म्हणून ती तशीच चालवते. त्या बाईंना सांगा, त्यांना हे माहीत आहे."

"साक्षीदाराला विचारावं, डुक्कर दिसल्यावर तिने काय केलं."

"त्यांना सांगा, दिसायला वेळच नव्हता. वरच्या झुडपातून ते दगडासारखं आलं. ब्रेकचे लाल दिवे लागले. उजवीकडे दरी होती, तिने गाडी भिंतीवर घातली. मी असतो तर दरीत गेलो असतो. त्याहून जास्त कुणालाही करता आलं नसतं."

लिपिकाने हे सगळं टिपलं. तिबेरीने पेन खाली ठेवलं. माझी केस तिथे पूर्ण झाली होती, मी खाली बसायला हवं होतं. पण मी म्हणाले, "साक्षीदाराला विचारावं, हे सांगायला तीन वर्षं का लागली."

"हा प्रश्न मंजूर यादीत नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"उत्तर देतो," तू म्हणालास. आणि मग भिंतीकडे बघत म्हणालास, "त्यांना सांगा, मला वाटलं, त्या याही वेळी समोरच्या बाजूला उभ्या असतील."

मी उठले. मी म्हटलं, "साक्षीदाराला सांगावं, की..."

"वकीलबाई, मी तुमची आई नाही. प्रश्न असेल तर विचारा."

सगळं कोर्ट हसलं. मला प्रश्न सुचला नाही. मला, ओरेस्ते! कुठल्याही सभेत ध्वनिक्षेपक हातातून काढून घ्यावा लागतो त्या बाईला एक वाक्य सुचलं नाही.

मग तिबेरीने आपल्या पाळीत डुकराचं काय झालं ते विचारलं. "गाडीत टाकलं." "कशासाठी?" "सान मार्तिनो तोंडावर होता." तू हे असं म्हणालास, जसं एखादा म्हणतो की पाऊस होता म्हणून छत्री घेतली. तिबेरीने जबानी सरकारी वकिलाकडे पाठवायची मागणी केली आणि ती मंजूर झाली. ते होणारच होतं.

बाहेर लिवियाने काठी तुझ्या पोटरीवर हाणली आणि मग तुझ्या कोटात तोंड खुपसून रडली. मी खांबापाशी उभी होते. तू टोपी घातलीस आणि बसकडे गेलास. मागे वळला नाहीस. पण बसमध्ये तू अलीकडच्या खिडकीत बसलास, पलीकडच्या नाही. माझं नाव विनाकारण वकिलांत घेत नाहीत, असल्या गोष्टी मी बघते.

इल्दे


कास्तेलवेरो, १४ जून

ओरेस्ते,

जिंकलो! जिंकलो, जिंकलो, जिंकलो!

मी निकाल उभ्यानेच वाचला. मग गाडी काढली आणि लिवियाच्या गोठ्यापर्यंत भोंगा दाबूनच गेले. मेंढ्या उधळल्या, त्यांना गोळा करायला अर्धा तास लागला, आणि तिने मला पुन्हा ती शिवी दिली. पण या वेळी हसत.

न्यायाधीशबाईंनी लिहिलंय: डुक्कर अस्तित्वात होतं, "त्याच्या चवीबद्दल साक्षीदारांचे मतभेद असले तरी." जनावर राष्ट्राच्या मालकीचं, जबाबदारी प्रांताची. वादीने अपघात टाळण्यासाठी शक्य ते सारं केलं, आणि हे दाखवणारी साक्ष "स्वतःचं नुकसान ओढवून घेऊन दिलेली असल्याने विशेष विश्वसनीय." हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतेय. एका परक्या बाईला तुझ्याबद्दल हे थोड्या वेळात कळलं.

तिबेरी अपील करील. करू दे, मला आता वय झाल्यासारखं वाटतच नाही. भरपाई मात्र आत्ताच मिळते. लिवियाने मॅसेडोनियाहून आलेला एक मेंढपाळ ठेवलाय. अबोल माणूस आहे, कुत्र्यांना आवडला. व्यापाऱ्याला तिने निरोप दिला की दात बघायचे असतील तर आपल्या बायकोचे बघ. सोमवारी कळप डोंगरावर निघतो. ती काही अंतर गाडीतून मागे मागे जाणार आहे.

आता तुझं. नोटीस तुला मिळालीच असेल. काल वनपोलिसांचा हवालदार बारमध्ये आला होता. त्याने विचारलं, "डुक्कर कुणी उचललं?" क्विन्तो म्हणाला, "आम्ही खाल्लं." "उचललं कुणी?" सुतार म्हणाला, "आम्ही खाल्लं." फादर कालिस्तो, शाळेच्या बाई, सगळे तेच. हवालदार वैतागून म्हणाला, "सरकारचं डुक्कर होतं ते!" तर क्विन्तो म्हणाला, "हे तुम्ही आम्हाला सांगता? आम्ही ते कोर्टात सिद्ध करून आलोय." हवालदाराने टोपी काढली आणि वाइन मागितली.

पण कागदावर नाव तुझं एकट्याचंच आहे. तुला वकील लागेल. तिकडचा कुणी धरू नकोस, त्यांना फळी म्हणजे काय कळायचं नाही. मला वकीलपत्र दे. तू म्हणाला होतास, मी समोरच्या बाजूला उभी असेन. आता तशी भीती नाही, जागा एकच शिल्लक आहे आणि ती तुझ्या शेजारची आहे.

आणि एक गोष्ट तुला माहीत नसेल. फौजदारी कोर्टात मधे न्यायाधीशांना घालावं लागत नाही. तिथे वकील थेट विचारतो. मी उठून उभी राहीन, तुला नावाने हाक मारीन, आणि तुला माझ्याकडे बघून मला उत्तर द्यावं लागेल. मी प्रश्न लिहून काढलेत. पहिल्याचा डुकराशी काहीही संबंध नाही, आणि सरकारी वकिलाने हरकत घेतली तरी मी तो विचारणार आहे.

तुझी वकील, सही केलीस तर. आणि बहीण, नाही केलीस तरी,

इल्दे